उदास रंगांतली आशा

रूपकचित्र समोर आले की बघणारा आधी चिन्हे शोधू लागतो. तराजू म्हणजे न्याय, कवटी म्हणजे मृत्यू, वाळूचे घड्याळ म्हणजे सरता काळ. प्रत्येक वस्तूपुढे तिचा अर्थ मांडला, की चित्र समजले असे त्याला वाटते. या सवयीला मोठी परंपरा आहे. चेझारे रिपा या इटालियन लेखकाचा 'इकोनोलोजिया' हा ग्रंथ १५९३ साली रोममध्ये छापला गेला. सद्गुण, दुर्गुण, ऋतू, कला यांना माणसाचे रूप द्यायचे तर अंगावर कोणते वस्त्र हवे, हातात काय हवे, पायाशी काय हवे, हे सांगणारा तो कोशच होता, आणि युरोपातल्या चित्रकारांनी तो दीर्घकाळ वापरला. चित्रकार कोश उघडून चित्र काढणार असेल तर बघणाऱ्यानेही कोश उघडून ते वाचावे, हे ओघानेच आले. पण वाचनाची ही पद्धत अर्ध्या वाटेवर थांबते असे माझे मत आहे. चित्रात कोणत्या वस्तू आहेत हे ती सांगते. त्या वस्तू कोणत्या मनःस्थितीत न्हाऊन निघाल्या आहेत हे ती विचारतच नाही. आणि अर्थ तर तिथे ठरतो. रंग, उजेड, देहाचा बाक, मोकळी सोडलेली जागा यांतून जो भाव उभा राहतो, तो चिन्हांवर दिलेला मुलामा नसतो. चिन्ह कोणत्या अर्थाने घ्यायचे, याचा निवाडा तोच करतो. हे म्हणणे पारखून घ्यायला जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स या इंग्रज चित्रकाराच्या 'होप' इतके योग्य चित्र मला दुसरे दिसत नाही. त्यात चिन्हे एक सांगतात, भाव वेगळेच काही सांगतो आणि चित्राचे नाव या दोघांनाही कोड्यात टाकते.

वॉट्सने हे चित्र १८८६ साली लोकांपुढे आणले, तेव्हा तो सत्तरीच्या उंबरठ्यावर होता. चित्रात एका धूसर गोलावर, म्हणजे पृथ्वीवर, एक तरुण स्त्री अंग मुडपून बसली आहे. डोळ्यांवर कापडाची पट्टी आहे. हातात लायर हे जुने ग्रीक तंतुवाद्य आहे, तेही साधे, ओबडधोबड लाकडी. त्याच्या सगळ्या तारा तुटल्या आहेत, एकच उरली आहे. ती स्त्री त्या तारेवर बोट ठेवून आहे आणि मान इतकी खाली झुकवली आहे की कान जवळजवळ वाद्याच्या लाकडाला टेकला आहे. अंगावरचे वस्त्र पातळ, ओलसर भासणाऱ्या चुण्यांचे. पार्थेनॉनच्या शिल्पांवर वॉट्सचा फार जीव होता, त्याचा संस्कार या चुण्यांवर दिसतो. भोवती हिरवट-निळसर धुके, आणि त्या धुक्यात गोलाचा मंद पिवळट-तांबूस उजेड. कडा कुठेही धारदार नाहीत. देह, वस्त्र, गोल आणि आकाश एकमेकांत हळूच विरत जातात. वॉट्सने या चित्राच्या एकाहून अधिक आवृत्त्या केल्या; पहिल्या आवृत्तीत वर आकाशात एकुलता एक तारा आहे. पण जिच्यासाठी तो असावा तिचे डोळे बांधलेले आहेत, म्हणजे तो तारा आपल्याला दिसतो, तिला दिसत नाही. चित्रात याखेरीज काहीही नाही. झाड नाही, घर नाही, दुसरे माणूस नाही, क्षितिजावर पहाटेची रेघ नाही.

आता कोशाच्या पद्धतीने ही चिन्हे वाचून पाहू. ख्रिस्ती कलेत आशेची ठरलेली खूण म्हणजे जहाजाचा नांगर. बायबलच्या नव्या करारात आशेला आत्म्याचा नांगर म्हटले आहे, तिथून तो चित्रांत आणि थडग्यांच्या दगडांवर आला. पादुआच्या अरेना चॅपेलमध्ये इटालियन चित्रकार जोत्तोने १३०५ च्या सुमारास सद्गुण आणि दुर्गुण समोरासमोरच्या भिंतींवर रंगवले. त्यातली आशा पंख असलेली आहे, ती जमीन सोडून वर झेपावते आहे आणि तिचे हात वरच्या कोपऱ्यातल्या मुकुटाकडे पोचू पाहतात. वॉट्सच्या चित्रात नांगर नाही, पंख नाहीत, झेप नाही, मुकुटही नाही. उलट जे आहे ते सगळे भलत्याच घराण्यातले आहे. गोलावर उभी राहते ती दैवाची चंचल देवता फॉर्च्यूना. गोल घरंगळतो, म्हणून तिच्या पायाखाली गोल. डोळ्यांवर पट्टीही बऱ्याचदा तिच्याच, नाहीतर आंधळ्या मदनाच्या. तुटलेली तार तर युरोपीय चित्रात बेबनावाची खूण मानली जाते. हान्स होल्बाइनच्या १५३३ मधल्या 'द ॲम्बॅसडर्स' या प्रसिद्ध चित्रात दोन राजदूतांमधल्या फळीवर एक ल्यूट ठेवलेले आहे, त्याची एक तार तुटलेली आहे, आणि अभ्यासक तिचा संबंध त्या काळच्या धार्मिक फुटीशी लावतात. राहता राहिली बसण्याची ढब. खाली गेलेली मान, आत मिटलेले अंग ही औदासीन्याची जुनी मुद्रा. म्हणजे कोश प्रामाणिकपणे वापरला तर बेरीज येते ती दैवाची लहर, आंधळेपण, विसंवाद आणि खिन्नता अशी. आशा कुठेच सापडत नाही.

यावर सर्वांत स्वाभाविक आक्षेप असा की मग ही आशा नव्हेच. चित्रावरचे नाव झाका आणि कोणालाही विचारा, तो याला निराशा म्हणेल. चित्राने जे सिद्ध केले नाही ते चित्रकाराने नावाच्या पट्टीवर लिहून टाकले, इतकेच. इंग्रज लेखक जी. के. चेस्टर्टनने वॉट्सवर १९०४ साली छोटे पुस्तक लिहिले, त्यात त्याने हा प्रश्न थेट हाताळला आहे. प्रथम पाहणाऱ्याला हे चित्र निराशेचेच वाटेल, हे तो मान्य करतो. त्याचे पुढचे म्हणणे मोलाचे आहे: चित्राचे नाव म्हणजे चित्राचे स्पष्टीकरण नव्हे, माणसाच्या आत जे काहीतरी सदैव विझण्याच्या बेतात असते आणि तरी विझत नाही, त्याच्याकडे चित्रकार रंगांनी बोट दाखवतो आणि भाषा शब्दाने. मला हे उत्तर पटते, पण पुरेसे वाटत नाही. त्याने नावाचा बचाव होतो, चित्राचा होत नाही. चित्राचा बचाव चित्रातूनच व्हायला हवा, आणि तसा तो करता येतो.

त्यासाठी जोत्तोच्या भिंतीकडे पुन्हा पाहावे. त्याच्या आशेच्या बरोबर समोर निराशा आहे. तिने गळफास घेतला आहे, मुठी आवळलेल्या आहेत, हातांना करण्यासारखे काही उरलेले नाही. किंवा आल्ब्रेख्त ड्यूररचे १५१४ मधले 'मेलेन्कोलिया' हे ताम्रपटावरचे रेखाटन घ्यावे. तिथेही एक स्त्री बसली आहे, तिला भलेमोठे पंख आहेत, गाल मुठीवर टेकवलेला आहे, जवळच एक गोल पडला आहे. तिच्याभोवती करवत, रंधा, खिळे, तराजू अशी हत्यारे विखुरली आहेत आणि हातात कंपास आहे. सगळे शाबूत आहे, पण ती काहीच करत नाही. डोळे उघडे आहेत, पण नजर कोणत्याही वस्तूवर ठरत नाही. वॉट्सच्या स्त्रीचे नेमके उलटे आहे. तिचे हत्यार मोडलेले आहे, डोळे बंद केलेले आहेत, आणि तरी ती काम करते आहे. तिची मान झुकली आहे ती मन खचले म्हणून नव्हे, तर नाद फार क्षीण आहे आणि तो ऐकायचा तर कान जवळ न्यावा लागतो म्हणून. वॉट्सने स्वतः एका पत्रात चित्राची कल्पना सांगताना उरलेल्या एका तारेतून शक्य तेवढे संगीत काढू पाहणारी स्त्री असेच तिचे वर्णन केले होते. सगळ्या चित्राचा अर्थ त्या कान आणि तार यांच्यामधल्या बोटभर अंतरात साठला आहे. निराश माणूस हताशपणे बसेल, रडेल, वाद्य फेकून देईल. एका तारेचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून तो वाकणार नाही. तेव्हा नाव झाकल्यावर घाईने पाहणारा याला निराशा म्हणेल हे खरे. पण नाव झाकलेलेच ठेवून जो निवांत पाहील, त्याला ही स्त्री काहीतरी ऐकते आहे हे दिसल्यावाचून राहणार नाही. मग निराशा हा शब्द त्यालाच अपुरा वाटेल.

भाव वाचण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने एक अडचण सोडवली आहे, ती इथे उपयोगी पडते. विरहातला शृंगार आणि करुण रस या दोन्हींत बाहेरून दिसणारी लक्षणे पुष्कळशी सारखीच असतात. उसासे, ग्लानी, चिंता, आसवे. मग दोन वेगळे कशावरून? भरताचे उत्तर असे की करुण हा निरपेक्ष असतो आणि विरह सापेक्ष असतो. एकात वाट पाहण्यासारखे काही उरलेले नसते; दुसऱ्यात अपेक्षेचा धागा तुटलेला नसतो. लक्षणे तीच, पण त्यांच्या तळाशी असलेली ही एक गोष्ट बदलली की रसच बदलतो. वॉट्सच्या चित्रातली उदासी या कसोटीवर घासून पाहावी. धुके, मिटलेले अंग, मावळता उजेड ही सगळी लक्षणे शोकाची आहेत, पण ऐकण्याची ती धडपड या शोकाला सापेक्ष करते. इथे कोणी म्हणेल की व्हिक्टोरियन इंग्लंडच्या चित्राला संस्कृत नाट्यविचाराची मोजपट्टी लावणे ओढूनताणून आहे. वॉट्सला भरत ठाऊक होता असा माझा दावा नाही. पण उदासी आणि निराशा यांत अपेक्षा हाच भेद आहे, हे निरीक्षण कोणत्याही एका देशाच्या मालकीचे नाही. ज्या परंपरेने ते सर्वांत नेमकेपणाने नोंदवले तिची मदत घेण्यात संकोच कशाला? उलट, आपल्या वाचकाच्या हाती हे साधन आधीपासून आहे, ते त्याने परक्या चित्रापुढे उभे राहताना खाली ठेवू नये असे मला वाटते.

भाव हा अर्थाचा घटक आहे याचा आणखी भक्कम पुरावा वॉट्सनेच ठेवला आहे. त्याने हे चित्र एकाहून अधिक वेळा रंगवले; त्यातल्या पहिल्या दोन आवृत्त्या इथे महत्त्वाच्या. पहिली आवृत्ती १८८६ साली लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत लागली आणि पुढे खासगी संग्रहात गेली. दुसरी त्याने सहायकाच्या मदतीने सार्वजनिक संग्रहासाठी रंगवली. ती १८८७ साली साउथ केन्सिंग्टन म्युझियमला दिली गेली, आणि १८९७ मध्ये तिथून नव्याने उघडलेल्या टेट गॅलरीत आली; आज लोक पाहतात ती बहुधा हीच. दोन्हींची मांडणी जवळपास एक आहे. तोच गोल, तीच पट्टी, तेच वाद्य, तीच एक तार. कोश दोन्ही चित्रांपुढे ठेवला तर शब्दाचाही फरक पडू नये. पण फरक पडतो. दुसऱ्या आवृत्तीत रंग अधिक काळवंडलेले आहेत, गोलाच्या मानाने स्त्री लहान झाली आहे, पहिलीतली रंगांची श्रीमंती काढून घेतली आहे. पहिल्या चित्रात आशा ही संकटात सापडलेली एक सुंदर स्त्री आहे. दुसऱ्यात ती अफाट आणि मुक्या अवकाशातला एक छोटा जीव आहे. आकृती लहान झाली की पोकळी मोठी होते, पोकळी मोठी झाली की त्या एका तारेवरचा भार वाढतो. ही चिन्हे न बदलता वॉट्सने चित्राचे विधान बदलले. लोकांना कायमचे द्यायचे म्हणून जे चित्र त्याने रंगवले, त्यात सूर वर नेण्याऐवजी त्याने आणखी खाली आणला, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

वॉट्सचेच 'मॅमन' हे चित्र शेजारी ठेवले की हा मुद्दा आणखी उलगडतो. १८८४-८५ च्या सुमाराचे हे चित्र त्याने मॅमनच्या, म्हणजे धनदेवतेच्या, भक्तांनाच अर्पण केले होते. सिंहासनावर एक सुजलेला, ओंगळ पुरुष बसला आहे. मांडीवर पैशाच्या थैल्या आहेत, मुकुटाला गाढवाचे कान आहेत, एका तरुणाच्या अंगावर पाय आहे आणि एका तरुणीच्या डोक्यावर जड पंजा आहे. इथे चिन्हे आणि भाव दोन्ही एकच गोष्ट एकाच आवाजात सांगतात, पैसा माणसाला तुडवतो. चित्र प्रामाणिक आहे, त्यामागचा संताप खरा आहे, तरी ते एका नजरेत संपते. बघणाऱ्याला तिथे काही शोधायचे उरत नाही, फक्त मान डोलवायची असते. रूपकचित्रांना 'रंगवलेले प्रवचन' म्हणून जे हिणवले जाते ते अशा चित्रांमुळे. 'होप' प्रवचन होत नाही, कारण त्यात चिन्ह आणि भाव यांच्यात ताण आहे, आणि तो ताण सोडवण्याचे काम चित्रकाराने बघणाऱ्यावर सोपवले आहे. रूपकचित्राची प्रत ओळखायची माझी कसोटी हीच: चिन्हांचे अर्थ सांगून झाल्यावर चित्रात पाहण्यासारखे काही उरते का?

आता सर्वांत अवघड आक्षेप. चिन्हांना निदान परंपरेचा आधार असतो. भाव तर ज्याचा त्याचा. आज मन उदास असेल तर चित्र उदास दिसेल, उद्या प्रसन्न असेल तर प्रसन्न. मग अर्थाचा निवाडा भावावर सोपवणे म्हणजे अर्थ वाऱ्यावर सोडणे नव्हे काय? या चित्राचा अमेरिकेतला प्रवास पाहिला तर आक्षेप बिनबुडाचा नाही हे कळते. मार्टिन ल्यूथर किंग यांनी भंगलेल्या स्वप्नांविषयीच्या आपल्या प्रवचनात या चित्राचा दाखला दिला. ते प्रवचन १९६३ च्या त्यांच्या 'स्ट्रेंग्थ टू लव्ह' या संग्रहात आहे. पुढे १९९० साली शिकागोचे धर्मगुरू जेरेमाया राइट यांनी याच चित्रावर एक प्रवचन दिले. त्याच्या शीर्षकावरून बराक ओबामांनी २००४ मधल्या आपल्या गाजलेल्या भाषणातला शब्दप्रयोग घेतला आणि २००६ मध्ये पुस्तकाचे नावही. राइट यांच्या वर्णनातली स्त्री जखमी, रक्ताळलेली आणि फाटक्या चिंध्यांतली आहे. वॉट्सच्या चित्रात जखम नाही, रक्त नाही, चिंध्याही नाहीत. गुलामगिरीचा आणि वंशद्वेषाचा इतिहास सोसलेल्या समाजापुढे बोलताना ते रक्त त्या चित्रात कुठून आले हे समजण्यासारखे आहे, आणि त्या श्रोत्यांसाठी ते खोटेही नव्हते. पण ते चित्रातले नव्हे, आणि हे आपल्याला ठामपणे सांगता येते, हाच माझा मुद्दा आहे. भाव हा निव्वळ लहरीचा मामला असता तर राइट यांचे वाचन चित्रापलीकडे गेले असे म्हणायला आपल्यापाशी आधारच नसता. आधार आहे, कारण भाव रंगलेपनात उभा असतो. हिरवट-निळी छटा, विरलेल्या कडा, आकृतीचे आणि पोकळीचे प्रमाण, मानेचा कोन या गोष्टी कोणालाही दाखवता येतात, त्यांवर वाद घालता येतो, दुसऱ्या आवृत्तीशी ताडून पाहता येतात. भावाचे वाचन चिन्हाच्या वाचनापेक्षा कठीण आहे हे मान्य. पण ते बेपुरावा नाही.

कोणी चरित्राकडे बोट दाखवेल. हे चित्र रंगवले जात होते त्या सुमारास वॉट्सने सांभाळलेल्या मुलीचे तान्हे मूल दगावले होते. आपल्याला सगळीकडे अनिश्चितता आणि कलहच दिसतो, जुन्या श्रद्धा हलल्या आणि त्यांच्या जागी काही उभे राहिले नाही, अशा आशयाचे त्याने एका मैत्रिणीला लिहिले होते. मग चित्रातली खिन्नता ही घरातल्या दुःखाची सावली, तिच्यात आणखी अर्थ कशाला शोधायचा? पण दुःखाचे कारण सापडले म्हणजे चित्राचा अर्थ सापडला असे होत नाही. शोकात बुडालेल्या माणसाला शोकाचे चित्र काढणे सोपे होते. वॉट्सने त्या शोकाला आशेचे नाव देण्याचे धाडस केले, त्याचे स्पष्टीकरण चरित्र देत नाही. चरित्र एवढेच सांगते की हा सूर त्याने चवीसाठी लावलेला नव्हता. आणि त्याच पत्रातला दुसरा धागा, म्हणजे श्रद्धा ढळलेल्या काळाची जाणीव, चित्राशी अधिक जवळून बोलतो. परमेश्वराच्या वचनावर ज्याचा भरवसा आहे त्याच्या आशेला नांगर शोभतो. तो तळाशी कशाला तरी घट्ट धरून असतो. ज्या काळाला तळच सापडेनासा झाला त्याच्या आशेला नांगर कसा द्यावा? वॉट्सने तो काढून घेतला आणि त्या जागी आधाराशिवाय चालू राहणारी एक कृती ठेवली. नांगराचे नसणे हेच या चित्रातले सर्वांत बोलके चिन्ह आहे, आणि न रंगवलेले चिन्ह कोशात कधीच सापडत नाही.

एक आक्षेप नैतिक आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. एका तारेवर समाधान मानणारी आशा ही भुकेल्याला दिलेली गुंगी आहे. बाकीच्या तारा कोणी तोडल्या हे विचारायचे सोडून ती माणसाला सोशिक बनवते, असे कोणी म्हणू शकेल. चित्रात सुखाचे वचन असते तर हा आरोप मी मान्य केला असता. पण इथे वचन कुठे आहे? पहाट उगवताना दाखवलेली नाही, देवदूत येताना दाखवलेला नाही, तारासुद्धा तिच्या वाट्याला आलेला नाही. सोसा म्हणजे मिळेल, असे हे चित्र कुठेही सांगत नाही. त्याचा उदास सूरच त्याला या आरोपातून सोडवतो. परिस्थिती जितकी वाईट आहे तितकी वाईट ते दाखवते, रंग चढवून सांगत नाही. गुंगी देणाऱ्या चित्राला प्रसन्न रंग लागतात. आणि ज्या किंग यांनी या चित्राचा आधार घेतला ते अन्याय मुकाट्याने सोसणारे नव्हते. संघटित होऊन कायदे बदलायला लावणाऱ्या चळवळीचे ते नेते होते. निराश माणूस लढत नाही, आणि खोट्या दिलाशावर जगणाराही लढत नाही. लढायला लागते ती हीच, डोळ्यांपुढे काही नसताना हात चालू ठेवणारी आशा.

आपल्याकडच्या एका चित्राशी तुलना इथे अगत्याची आहे. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम हळदणकर यांचे 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगातले चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या संग्रहात आहे. १९४५-४६ चे हे चित्र अनेक जण आजही चुकून राजा रविवर्म्याचे समजतात. एक तरुणी हातात दिवा घेऊन उभी आहे, दुसऱ्या हाताचा तिने ज्योतीला आडोसा केला आहे आणि बोटांतून तांबूस उजेड झिरपतो आहे. या चित्रात रूपकाचे एकही पारंपरिक साधन नाही. ते खरे तर एका घरातल्या मुलीचे चित्र आहे. आशा तिथे येते ती अंधार आणि उजेड यांच्या प्रमाणातून, त्या हाताच्या जपणुकीतून. म्हणजे भावाने एका साध्या व्यक्तिचित्राला रूपक केले. वॉट्सच्या चित्रात भावाने परकी चिन्हे आशेच्या बाजूला वळवली. हळदणकरांच्या आशेपाशी उजेड आहे आणि तो तिला दिसतो, ती तो राखते. वॉट्सच्या आशेपाशी राखायलाही काही नाही, ती फक्त ऐकते. एक उबदार, दुसरी ओकीबोकी. दोन्ही खऱ्या आहेत, पण शीर्षकातल्या एका शब्दावरून त्यांना एक मानले तर दोन्ही चित्रे हातची जातील. त्यांच्यातला फरक सांगायला भावाखेरीज दुसरा साक्षीदार नाही.

म्हणून चित्रे पाहणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. रूपकचित्रापुढे उभे राहिल्यावर चिन्हांची ओळख जरूर करून घ्या, त्यांचा इतिहास जाणून घ्या. त्याशिवाय वॉट्सने काय टाकून दिले हेही कळणार नाही. पण यादी पूर्ण झाली की तिथून निघू नका. उजेड कुठून येतो, देह कोणत्या बाजूला झुकला आहे, मोकळी जागा किती आहे आणि ती आकृतीला जपते की गिळते, हात काही करत आहेत की नुसते पडून आहेत, हे विचारा. चिन्हे आणि भाव जुळत नसतील तर चित्र फसले असे लगेच ठरवू नका. बहुतेक वेळा चित्रकाराला जे सांगायचे असते ते त्या न जुळण्यातच असते. वॉट्सचे चित्र मी निःशंकपणे आशेचे चित्र मानतो, आणि ते उदास आहे म्हणूनच मानतो. सगळे ठीक असताना जे वाटते त्याला भरवसा म्हणतात. आशेची खरी गरज सगळे ठीक नसताना पडते, आणि ते ठीक नसणे रंगवण्याचे धैर्य ज्या चित्रात आहे त्याच चित्राला आशेविषयी बोलण्याचा अधिकार आहे.